वाचकांचे प्रश्न : पुस्तकातला आवाज पडद्यावर कुठे जातो?

साहित्यकृतींवर बेतलेल्या चित्रपटांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी घेतली आहेत. जागेअभावी ती थोडी आखडती केली असली, तरी प्रश्नांचा आशय तसाच ठेवला आहे.

प्रश्न : माध्यमिक शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झालो. ‘बनगरवाडी’ अनेक वर्षे विद्यार्थ्यांसमोर वाचली आहे. अमोल पालेकर यांनी तिच्यावर केलेला १९९५ चा चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिला. माणसे ओळखीची, माळ ओळखीचा, प्रसंगही बहुतेक तेच; तरीही काहीतरी हरवल्यासारखे शेवटपर्यंत वाटत राहिले. चूक नेमकी कोठे आहे हे मला बोट ठेवून दाखवता येत नाही. दोष माझ्या आठवणीचा मानावा की चित्रपटाचा? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : सर, दोष दोघांचाही नाही. आपल्याला जे हरवल्यासारखे वाटले ते प्रसंगांत नव्हतेच; ते होते मास्तराच्या बोलण्यात. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीत गोष्ट सांगण्याचे काम राजाराम विठ्ठल सौंदणीकर या कोवळ्या वयाच्या मास्तरावर सोपवले आहे. औंध संस्थानातल्या, मेंढरे राखणाऱ्या धनगरांच्या वाडीवर तो शाळा चालवायला येतो, आणि ‘मी’ म्हणून सगळे सांगताना स्वतःविषयी मात्र फार थोडे सांगतो. तो कसा दिसतो, कसा चालतो, अपमान झाल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, हे आपल्याला जवळजवळ ठाऊक नसते. पुस्तकात मास्तर दिसतच नाही; मास्तराच्या डोळ्यांनी वाडी दिसते. आपण त्याच्या आत बसून कारभाऱ्याकडे, आयबूकडे, आनंदा रामोशाकडे पाहत असतो.

पडद्यावर हे सारे उलटे होते, आणि तसे झाल्यावाचून राहत नाही. मास्तराला देह मिळतो, आवाज मिळतो, अंगावर सदरा येतो, आणि आपण त्याच्या आतून बाहेर पडून त्याच्याकडे पाहू लागतो. वाडीवरच्या अंजी या मुलीच्या चोळीवरून कारभारी आणि मास्तर यांच्यात जो गैरसमज होतो, तो प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावा. वाचताना मास्तराच्या मनात काही काळेबेरे नाही हे आपल्याला पक्के माहीत असते, कारण सांगणारा तोच आहे. म्हणून आपला जीव तुटतो तो कारभाऱ्याला हे कळत नाही यासाठी. पडद्यावर मात्र आपल्यासमोर एक तरुण चेहरा असतो, आणि चेहऱ्यावरून मन वाचण्याची जी पाळी कारभाऱ्यावर आलेली असते तीच काही क्षण आपल्यावरही येते. नटाने कितीही प्रामाणिक काम केले तरी ही जागा बदलतेच. त्यामुळे त्या प्रसंगातली वेदना कमी होते असे मी म्हणणार नाही. ती वेगळ्या ठिकाणाहून येते एवढे खरे.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. माडगूळकरांची वाक्ये भूतकाळात आहेत. वाडी होती, माणसे होती, तालीम बांधली, राजे आले, पाऊस गेला, मेंढरे मेली, माणसे निघून गेली. पहिल्या पानापासून आपण एका संपून गेलेल्या गोष्टीत वावरत असतो, आणि दुष्काळ यायच्या कितीतरी आधी त्या क्रियापदांनी आपल्या मनात हुरहुर पेरलेली असते. चित्रपटाला हा भूतकाळ मिळत नाही. पडद्यावर जे दिसते ते या क्षणी घडत असते. तालीम उभी राहताना पाहून प्रेक्षकाला निव्वळ आनंद होतो. वाचकाला मात्र त्या आनंदातच थोडी कळ लागलेली असते. आपण वर्षानुवर्षे ती वाक्ये मोठ्याने वाचलीत, त्यामुळे ती कळ आपल्या कानांत मुरलेली आहे, आणि चित्रपट पाहताना कान तिलाच शोधत राहिले असावेत असे मला वाटते.

मग चित्रपटाने करायचे काय? सांगणाऱ्याच्या आवाजाऐवजी दुसरे काहीतरी उभे करायचे. पालेकरांनी माणदेशी माळाच्या ओसाड विस्ताराला बोलते केले. माणूस त्या विस्तारात केवढासा दिसतो हे पडदा एका दृश्यात दाखवतो, त्यासाठी लेखकाला पानेच्या पाने खर्ची घालावी लागली असती. हे मिळाले आणि ते गेले, असा हिशेब मांडूनच रूपांतर पाहावे. प्रसंगांची यादी जुळते की नाही एवढेच तपासत बसलो, तर आपल्या पत्रात आहे तशी, जागा न सापडणारी रुखरुख तेवढी हाती राहते.

प्रश्न : मी पुण्यात मराठी साहित्यात एम. ए. करत आहे. ‘सिंहासन’ चित्रपट अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्या एकत्र करून तयार झाला, हे वर्गात कळले. दोन स्वतंत्र कलाकृतींची अशी सरमिसळ करणे हा दोन्हींवर अन्याय आहे, असे एका सहाध्यायाचे मत पडले आणि बराच वाद झाला. आपले मत काय? आणि आधी काय वाचावे? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : अन्याय झाला असता तो दोन्ही कादंबऱ्यांतले प्रसंग नुसते एकापुढे एक मांडले असते तर. जब्बार पटेल यांच्या १९७९ च्या या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांनी लिहिली, आणि तेंडुलकर नाटककार होते तसेच वृत्तपत्रांतही वावरलेले होते. ‘मुंबई दिनांक’मध्ये या शहराचे अनेक थर एकमेकांवर घासत राहतात, ‘सिंहासन’मध्ये लक्ष मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर आणि तिच्याभोवतीच्या हालचालींवर केंद्रित झाले आहे. नुसती खुर्ची दाखवली तर ती एक राजकीय शह-काटशहाची कथा होते, आणि नुसते शहर दाखवले तर दोन-अडीच तासांत ते हातातून निसटते. दोन्ही एकत्र आणल्यामुळे खुर्चीखालची जमीन दिसते : कामगार पुढारी डिकास्टा दिसतो, तस्करांचे जाळे दिसते, चाळीतली माणसे दिसतात, आणि मुख्यमंत्री जिवाजीराव व अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्यातला संघर्ष या सगळ्यांच्या डोक्यावरून कसा खेळला जातो तेही दिसते.

परंतु पटकथेतले सर्वांत महत्त्वाचे काम माझ्या मते दुसरेच आहे. अशा कादंबऱ्यांतला निवेदक सर्वज्ञ असतो. तो मंत्र्याच्या शयनगृहात जातो, तिथून झोपडीत जातो, आणि कोणी त्याला अडवत नाही. चित्रपटात अशा निवेदकाला जागा नाही. त्याचे काम तेंडुलकरांनी दिगू टिपणीस या पत्रकाराकडे दिले. दिगू सगळीकडे जाऊ शकतो, सगळे त्याच्याशी बोलतात, त्याला सगळे कळते. फक्त त्याच्या हातात काही नसते. निळू फुले यांनी हा दिगू बोलण्यापेक्षा ऐकण्यातून उभा केला आहे. समोरचा पुढारी बोलत असतो आणि दिगूच्या चेहऱ्यावर आपल्याला त्या बोलण्याचे खरे मोल दिसत असते. कादंबरीकाराला जे भाष्य वाक्यांतून करता येते, ते इथे एका नटाच्या डोळ्यांतून होते. आणि शेवटी सर्व काही जाणणारा हा माणूस रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा सर्वज्ञ निवेदकच कोसळतो. कादंबरीतला निवेदक असा कोसळू शकत नाही, कारण त्याला देह नसतो. या एका जागेसाठी मी हा चित्रपट मराठीतल्या रूपांतरांत फार वरचा मानतो. सुरेश भटांची ‘उषःकाल होता होता’ ही रचनाही येथे सजावट म्हणून येत नाही. दिगूला बातमीत जे लिहिता आले नाही ते ती म्हणते.

अनेक मुळांतून एक चित्रपट घडण्याचे उदाहरण पुढेही सापडते. २००९ च्या ‘जोगवा’मागे राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आहेत आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथाही आहे. आपल्या वर्गातला वाद पुढे न्यायचा असेल, तर ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून प्रत्येकात जोड कोठे दिसते आणि कोठे दिसत नाही ते तपासावे.

क्रम विचारलात म्हणून सांगतो : आधी ‘मुंबई दिनांक’, मग ‘सिंहासन’, आणि त्यानंतर काही दिवस मध्ये जाऊ देऊन चित्रपट. लगेच पाहिला तर मन ताळे जुळवत बसते.

प्रश्न : ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वर आहे असे माझा मुलगा सांगतो. मी कादंबरी वाचली आहे, पण त्यात असले काही भुताखेताचे आठवत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपली आठवण अगदी बरोबर आहे. राही अनिल बर्वे दिग्दर्शित २०१८ च्या चित्रपटाने पेंडशांच्या कादंबरीकडून नाव घेतले. कथा घेतली नाही. कथेचे बीज मराठीतलेच आहे, मात्र ते नारायण धारप यांच्या भयकथेतले. हस्तर हा शापित देव, वाड्याच्या पोटातला गर्भागार, कणकेच्या बाहुल्या या गोष्टी पेंडशांच्या जगात शोधून सापडणार नाहीत. १९८७ मध्ये दोन खंडांत आलेली ‘तुंबाडचे खोत’ ही खेडजवळच्या जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी आहे, आणि तिच्यातले भय माणसांच्या स्वभावातून आणि काळाच्या पालटातून येते.

चिरंजीवांना मात्र नाराज करू नये. चित्रपटामुळे एका नव्या पिढीच्या ओठांवर तुंबाड हे नाव आले आहे, आणि कोकणातला पाऊस, ओला वाडा, वारशाने चालत आलेली हाव या वाटेने तो पेंडशांपर्यंत येऊ शकेल. पहिला खंड त्याच्या हाती द्यावा आणि पुढचे त्याच्यावर सोडावे. इतक्या विस्ताराच्या कादंबरीचा चित्रपट करायला कोणी धजावले नाही याचे मला नवल वाटत नाही. ती कोणी पुरेशा भागांची मालिका म्हणून, घाई न करता केली तर मला मनापासून आनंद होईल.

प्रश्न : ‘नटसम्राट’ म्हणजे ‘किंग लिअर’ची नक्कल, असे आमच्या वाचनकट्ट्यावर एकाने ठासून सांगितले. मला ते पटले नाही, पण उत्तर देता आले नाही. शिवाय २०१६ च्या चित्रपटात रामभाऊ हे मूळ नाटकात नसलेले पात्र घातले आहे. अभिजात कृतीत अशी ढवळाढवळ चालते का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण ‘नक्कल’ हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो.

आरंभ शेक्सपियरपासूनच करू. मुलींना राज्य वाटून टाकून निराधार होणाऱ्या लिअर राजाची कथा त्याची स्वतःची नाही. ती जुन्या इतिवृत्तांत होती, आणि त्याच्या नाटकाआधी याच राजावरचे एक नाटक इंग्रजी रंगभूमीवर झालेले होते, ज्यात राजाला शेवटी राज्य परत मिळते. शेक्सपियरने तो गोड शेवट काढून टाकला आणि धाकट्या मुलीचे, कॉर्डेलियाचे, प्रेत म्हाताऱ्या बापाच्या हातांत दिले. प्रेक्षकांना हे इतके असह्य वाटले की १६८१ मध्ये नेहम टेट या लेखकाने पुन्हा सुखान्त आवृत्ती रचली, आणि पुढे सुमारे दीडशे वर्षे इंग्लंडच्या रंगभूमीवर तीच चालली. १९८५ मध्ये अकिरा कुरोसावाने ‘रान’मध्ये तीन मुलींच्या जागी तीन मुलगे आणले आणि गोष्ट जपानच्या सरंजामी काळात नेऊन ठेवली. एखाद्या कथेत दर पिढी असा हात घालत असेल, तर हात घातला म्हणून आक्षेप घेण्यात अर्थ नाही. हात घालून काय साधले ते पाहावे लागते.

वि. वा. शिरवाडकरांना शेक्सपियर अपरिचित नव्हता. ‘मॅक्बेथ’वरून त्यांनी ‘राजमुकुट’ केले, ‘ऑथेल्लो’ही मराठीत आणले. जेव्हा त्यांना रूपांतर करायचे होते तेव्हा त्यांनी ते उघडपणे केले. ‘नटसम्राट’मध्ये मात्र त्यांनी जे केले त्याला रूपांतर म्हणता येत नाही. लिअर राजा आहे. गणपतराव बेलवलकर, म्हणजे आप्पासाहेब, राजा नाहीत, त्यांनी आयुष्यभर रंगमंचावर राजे उभे केले आहेत. मुगुट उतरवला की ते एक निवृत्त, साठवलेली पुंजी मुलांना वाटून टाकलेले मध्यमवर्गीय गृहस्थ आहेत. लिअरकडून जे हिरावले जाते ते खरे राज्य. आप्पासाहेबांचे राज्य फक्त प्रेक्षागृहात होते, आणि ते हिरावून घ्यायला कोणा दुष्टाची गरजही लागत नाही, वय झाले की पुरे. म्हणून त्यांच्या तोंडी येणारे हॅम्लेट आणि ऑथेल्लो हे उसने आणलेले नाहीत. ते त्या माणसाच्या आठवणीच आहेत. आगरकरांचे ‘हॅम्लेट’वरचे ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये आले, देवलांचा ‘ऑथेल्लो’वरचा ‘झुंजारराव’ १८९० मध्ये आला, गणपतराव जोशींनी हॅम्लेट गाजवला. ‘नटसम्राट’ ज्या मातीत उगवले ती माती मराठी नटांनी आणि भाषांतरकारांनी शंभर वर्षे नांगरलेली होती. मी या नाटकाला लिअरपेक्षा त्या शतकाचे अपत्य मानतो.

आता एक गोष्ट आपल्या कट्ट्यावर अवश्य मांडा. लिअरच्या नाटकात राणी नाही. शिरवाडकरांनी आप्पासाहेबांना कावेरी दिली, जिला ते ‘सरकार’ म्हणतात. आणि बापावर खरे प्रेम करणारी धाकटी मुलगी, जी लिअरच्या कथेचा प्राण आहे, ती येथे ठेवलीच नाही. मुले दोनच, नंदा आणि नलू, आणि दोघांच्याही घरी आईवडिलांना जागा उरत नाही. कॉर्डेलियाचे सारे प्रेम त्यांनी पत्नीकडे वळवले. परिणाम असा झाला की लिअरला मुलगी गमावण्याआधी ती परत भेटल्याचे सुख क्षणभर तरी मिळते. आप्पासाहेबांना परत भेटायला कोणी नाहीच, फक्त सोबत असलेली एकटी कावेरी मध्येच निघून जाते. नक्कल करणारा लेखक मूळ कथेचा प्राण काढून टाकण्याचे धाडस करत नाही.

रामभाऊंकडे आता वळतो. २३ डिसेंबर १९७० रोजी या नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि श्रीराम लागूंनी आप्पासाहेब उभे केले. रंगमंचावर त्या स्वगतांना ऐकणारा माणूस कोण होता? आपण, खुर्च्यांत बसलेले प्रेक्षक. रस्त्यावर आलेला नट घर मागतो तेव्हा तो ज्यांच्याकडे तोंड करून मागतो ते त्याचेच जुने प्रेक्षक आहेत, आणि त्या हाकेने आपल्याला अपराधी वाटते ते यामुळे. महेश मांजरेकर यांच्या चित्रपटाला हे प्रेक्षागृह मिळणे शक्य नव्हते. कॅमेऱ्याकडे पाहून स्वगत म्हटले तर पडद्यावर ते बहुधा कृत्रिम वाटते. म्हणून ऐकणारा दुसरा कोणी उभा करावा लागला, आणि तो दुसरा नटच असावा, हे मला अतिशय योग्य वाटले. नाना पाटेकर आणि विक्रम गोखले एकमेकांसमोर बसून संवाद म्हणू लागतात तेव्हा त्या शब्दांचे मोल कळणारा जगात एकच माणूस उरला आहे हे जाणवते, आणि रामभाऊ गेल्यावर आप्पासाहेबांचे प्रेक्षागृह खऱ्या अर्थाने रिकामे होते. नाटकात नसलेल्या पात्राने नाटकातलीच गोष्ट सांगितली. याला मी ढवळाढवळ म्हणणार नाही. चित्रपटाविषयी माझी तक्रार वेगळी आहे : पार्श्वसंगीत अनेक ठिकाणी शब्दांच्या आधी रडू लागते, आणि शिरवाडकरांच्या शब्दांना त्या आधाराची गरज नव्हती.

प्रश्न : गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ वाचली आणि नंतर चित्रपट पाहिला. इतकी गाणी कशासाठी? कादंबरीतला डोंगर गाण्यांत झाकला गेला असे वाटले. (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : मला नेमके उलटे वाटते, आणि त्याचे कारण सांगतो. दांडेकर हे सह्याद्री पायाखाली घातलेले लेखक. कर्नाळ्याच्या सुळक्याजवळच्या ठाकर आदिवासींची ही गोष्ट त्यांनी ठाकरांच्या बोलीचा पोत राखून सांगितली; वाचताना तो पोतच आपल्याला त्या रानात नेऊन सोडतो. चित्रपटात बोली फक्त संवादांत उरते, निवेदनातला तिचा मोठा वाटा गळून जातो. १९७७ च्या चित्रपटात जब्बार पटेलांनी ही गळालेली बोली ना. धों. महानोरांच्या शब्दांत आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या सुरांत परत आणली. कथेचा नायक नाग्या ढोल वाजवणारा आहे, म्हणजे ताल या गोष्टीत आधीपासूनच होता. चिंधी नको असलेला संसार मागे टाकून मोकळी होते, तो तिचा निर्णय चर्चेच्या संवादात मांडला असता तर शहरी झाला असता. ‘मी रात टाकली’ या गाण्यात तो तिच्या अंगातून उमटतो. आणि मधमाश्यांच्या राणीमाशीवरच्या सुडाच्या हट्टापायी शेवटी नाग्याच्या हाती जे उरते ते पाहिल्यावर, त्या आधीच्या गाण्यांतला उल्हास किती महागात पडला हे लक्षात येते. एकदा चित्रपट पाहताना गाण्यांच्या वेळी शब्दांऐवजी ढोलाकडे कान द्यावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे, मराठी समजते, वाचायला अडखळतो. त्याला ‘श्यामची आई’ची ओळख करून द्यायची आहे. आधी चित्रपट दाखवावा की पुस्तक वाचावे? आणि चित्रपट कोणता, जुना की नवा? (एक आई, मेलबर्न)

उत्तर : ताई, हे पुस्तक मुळात वाचण्यासाठी लिहिलेले असले तरी त्याची घडण ऐकण्याची आहे. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिले. त्यात श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, आणि प्रकरणांना नावच ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असे आहे. अशा बेचाळीस रात्री, म्हणजे बरोबर सहा आठवडे. मुलगा अडखळत वाचतो याची काळजी करू नका. आपण वाचा आणि त्याला ऐकू द्या. श्यामनेही ती गोष्ट अशीच सांगितली होती, आणि पडद्यावर कधीही पूर्णपणे न येणारा भाग, म्हणजे सांगणाऱ्याचा भरून आलेला आवाज, तो आपल्या घरात आपल्याच आवाजाने येईल. शेवटाकडे हे फार जाणवते. आई गेली तेव्हा श्याम तिच्याजवळ नव्हता. तो उशिरा पोचला. जे त्याने पाहिले नाही ते तो मित्रांना सांगतो आहे, आणि त्या रात्री सांगताना होणारे त्याचे हाल हाच त्या प्रकरणाचा गाभा आहे.

तरीही पहिल्या काही रात्री झाल्यावर जुना चित्रपट दाखवावा, असे मी सुचवीन, आणि त्याचे कारण साधे आहे. मेलबर्नला वाढणाऱ्या मुलाला पालगडसारख्या कोकणातल्या गावातले घर, विहीर, सोवळेओवळे, सावकाराचे दारात येणे या गोष्टींचे चित्रच डोळ्यांसमोर नसते. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट ते चित्र देतो. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम एकदा पाहिला की पुढच्या रात्री ऐकताना त्याच्यापाशी चेहरे असतील. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. गुरुजी १९५० मध्येच गेले होते, त्यामुळे त्यांना तो पाहता आला नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते.

सुजय डहाके यांचा २०२३ चा चित्रपट सगळ्या रात्री संपल्यावर पाहावा. तो मुद्दाम कृष्णधवल ठेवलेला आहे, आणि त्यात ओम भूतकर यांच्या रूपाने मोठेपणीचे साने गुरुजी येतात, म्हणजे सांगणारा माणूस पडद्यावर आणण्याचा प्रयत्न तिथे झाला आहे. अकरा वर्षांच्या मुलाला तो काही ठिकाणी जड जाईल. त्याने प्रश्न विचारले तर चित्रपट थांबवून उत्तर द्यायला हरकत नाही.

सुरुवात कोणत्या रात्रीपासून करावी असे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. क्रमाने जायलाच हवे असे नाही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारून बाहेर काढते आणि पोहायला पाठवते, ती रात्र आधी घ्यावी, कारण ती भीती त्याच्या वयाच्या कोणत्याही मुलाला ओळखता येते. आणि आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला लुगड्याचे ओचे पसरायला लावतो, ती रात्र दुसऱ्या दिवशी. वाचून झाल्यावर लगेच काही समजावून सांगू नका. दिवा मालवा आणि त्याला झोपू द्या.